अस्तराखालचा हिरवा टाका

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. नको, डोळे मिटलेत तर वाचणार कसे? उघडेच ठेवा आणि मनातल्या मनात बघा.

एक लांबट खोली आहे. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी, आणि खिडकीला लागून भलंमोठं टेबल. नव्या बुटांच्या खोक्यात नाक घातलं की येतो ना, तसा चामड्याचा वास खोलीभर पसरलेला. भिंतीवरच्या खुंट्यांना पट्टे लोंबताहेत. कोपऱ्यात चिंध्यांचं एक पोतं सुस्तावून बसलंय. टेबलाभोवती चार माणसं माना खाली घालून पिशव्या शिवताहेत, आणि त्यांच्या पायांशी, बुटक्या स्टुलावर, पाचवं माणूस बसलंय. तिला एक लांबलचक, सुंदर नाव आहे, पण ते फक्त शाळेत चालतं. अंगाने लहानखुरी आणि जिभेने टोकदार, म्हणून घरात तिला सगळे टाचणी म्हणतात. आपणही तेच म्हणू.

ही खोली म्हणजे आजीचा कारखाना. आजी म्हणजे टाचणीच्या आईची आई. तिने एका मशीनवर सुरू केलेलं हे काम आता चौघे मिळून करत: आजी, आई, बाबा आणि कातरकाका. कातरकाका नात्याचे कुणी नव्हते, पण आजीच्या पहिल्या मशीनपासून चामडं कापायला तेच होते, त्यामुळे नातं विचारायची कुणाची हिंमत नव्हती. घर कारखान्याच्या वरच. जिना चढला की स्वयंपाकघर, जिना उतरला की काम.

आता या कारखान्याची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

इथे प्रत्येकाचा एक रंग होता. आजीचा लाल, आईचा निळा, बाबांचा पिवळा, कातरकाकांचा पांढरा. पिशवी पुरी झाली की ज्याने तिच्यावर शेवटचा हात फिरवला, तो आतल्या कोपऱ्यात, अस्तराखाली, आपल्या रंगाचा एक छोटासा टाका घाली. बाहेरून तो कधीच दिसत नसे. पण एखादी पिशवी उसवून परत आली, की आजी चष्मा नाकावर ओढून अस्तर सोडवी आणि रंग बघे. ज्याचा रंग निघेल त्याने उभं राहून "माझा" म्हणायचं आणि पिशवी दुरुस्त करून द्यायची. आरडाओरडा नाही, सबबी नाहीत. "शेवटचा धागा ज्याचा, उसवण त्याची," आजी म्हणे, आणि तिथे विषय संपे.

सगळ्यात जास्त वेळा पिवळा निघे. मग कातरकाका खिडकीकडे बघत म्हणत, "जावईबापू, आज तुमच्याकडे बरंच ऊन पडलंय हो!"

"काका, जो शिवतो त्याचंच उसवतं," बाबा म्हणत. "नुसतं कापणाऱ्याला काय, कात्री चालवली की मोकळा!"

टाचणीला या वाढदिवसाला हिरव्या धाग्याचं स्वतःचं रीळ मिळालं होतं. पिशवीच्या आतले छोटे कप्पे शिवायचे आणि कप्प्यामागे हिरवा टाका घालायचा, एवढंच तिचं काम. पण त्या दिवशी ती ते रीळ उशाशी घेऊन झोपली होती.

त्याच वर्षी आईच्या पोटात बाळ होतं. टाचणी रोज शाळेतून आली की आईच्या पोटाला तोंड लावून कारखान्याच्या बातम्या सांगे. आज कुणाची पिशवी परत आली, कोणाचा धागा निघाला, कातरकाकांनी चष्मा डोक्यावर ठेवून तो किती वेळ शोधला. आई हसली की पोट हले, आणि टाचणीला वाटे, बाळच हसतंय.

मग एके सकाळी आई आणि बाबा घाईघाईने दवाखान्यात गेले. आई परत आली तेव्हा तिचा झगा पुढून सैल लोंबत होता. ती सरळ जिना चढून वर गेली. तिच्या मशीनवर आजीने चादर घातली.

बाबांनी टाचणीला जिन्यात जवळ बसवलं. "बाळ गेलं गं," ते म्हणाले. "पोटातच गेलं. आणि तुला सांगितलं नव्हतं, पण गेल्या वर्षीही एक बाळ असंच गेलं. अगदी इवलंसं असतानाच."

"का?"

"ठाऊक नाही, बाळा. डॉक्टर शोधताहेत."

मुलांना कळत नाही असं मोठ्यांना वाटतं. मुलांना कळतं, पण बहुतेक वेळा अर्धंच कळतं, आणि उरलेलं अर्धं मूल आपल्या मनाने शिवून टाकतं. टाचणीने काय शिवलं ते आता ऐका.

थोड्या दिवसांनी आईच्या तपासण्यांचा निकाल ऐकायला जायचं होतं. आजीला ताप होता, कातरकाका बाहेरगावी चामडं आणायला गेले होते, म्हणून टाचणीलाही बरोबर नेलं. डॉक्टरबाईंच्या खोलीत ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाय हलवत बसली. डॉक्टरबाईंचे केस आखूड होते आणि आवाज हळू. त्यांनी एक कागद पुढे ओढला आणि त्यावर एक आकृती काढली, उलटं टांगलेलं नासपती असावं तशी.

"ही गर्भपिशवी. बाळ हिच्यात राहतं, वाढतं," त्या म्हणाल्या. "आतून ती एकच मोकळी खोली असायला हवी. तुमच्या पिशवीत वरून खाली असा एक पडदा आहे." त्यांनी नासपतीच्या मधोमध एक रेघ ओढली. "जागा दुभागली गेली आहे. शिवाय या पडद्याला रक्त बेताचंच मिळतं. बाळ नेमकं त्याला चिकटून रुजलं तर त्याचं पोषण होत नाही. दोन्ही वेळा तसं झालं असण्याची शक्यता आहे."

बाबा म्हणाले, "पण डॉक्टर, आमची ही? ही याच पिशवीत होती ना?"

"हो, यातच वाढली." डॉक्टरबाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं, आणि टाचणीचे डोळे केवढे मोठे झालेत ते त्यांना दिसलं. त्यांनी नर्सताईंना हाक मारली. "हिला जरा आपले मासे दाखवा."

बाहेर काचेच्या पेटीत केशरी मासे फिरत होते. नर्सताई त्यांची नावं सांगत होत्या. टाचणीला एकही ऐकू आलं नाही. तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. आईच्या पिशवीत नको ती शिवण आहे. आणि त्या पिशवीत शेवटचं कोण होतं? नीट राहून, वाढून, बाहेर कोण आलं?

शेवटचा धागा ज्याचा, उसवण त्याची.

सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच. पण टाचणीने त्या सुतावरून स्वर्ग नाही, थेट अंधार गाठला. पडदा माझाच, तिने ठरवलं. मी आत असताना काहीतरी केलं. लाथ मारली असेन, ओढलं असेन, चुकीचं काहीतरी शिवलं असेन. म्हणून दोन बाळं गेली.

घरी आल्यावर तिने आपलं हिरवं रीळ चिंध्यांच्या पोत्यात तळाशी खुपसलं, हात कोपरापर्यंत आत घालून. आपला धागा आता कशालाच लागायला नको.

तेव्हापासून टाचणी बोथट झाली. स्टुलावर बसेना. आजीने कप्पा शिवायला दिला तर म्हणे, "माझा हात दुखतो." झोपायला आजीजवळ जाई. सगळ्यात वाईट म्हणजे, ती आईजवळ जाईनाशी झाली. आईने हात पुढे केला की ती दप्तर आवरायला उठे. आईच्या पोटाजवळ आपण आता जाऊच नये, आणखी काही बिघडायचं, असं तिला वाटे.

आणि आईला काय वाटलं असेल?

"ती माझ्यावर रागावली आहे," टाचणीने जिन्यावरून ऐकलं. स्वयंपाकघरात आई बाबांशी बोलत होती. "तिला भावंड हवं होतं. मी आणलं नाही. माझ्या अंगाला हातसुद्धा लावत नाही ती."

"असं काही नसतं गं."

"नसतं कसं? मीच माझ्यावर रागावले आहे, मग तिने का रागावू नये? चामड्याचा तो गठ्ठा मी उचलायला नको होता."

"डॉक्टर म्हणाल्या ना, गठ्ठ्याचा काही संबंध नाही."

"म्हणाल्या. पण रोज उठले की तो गठ्ठाच आठवतो." मग एक भांडं ठेवल्याचा आवाज आला. "पुढचं काय करायचं तेही ठरत नाहीये. माझा हातच उचलत नाही. ना ऑपरेशन ठरवायला, ना मशीन चालवायला."

टाचणी जिन्याच्या पायरीवर घट्ट बसून राहिली. जाऊन सांगावं, आई, मी रागावले नाही, चूक माझीच आहे. असं तिला वाटलं. पण दोन बाळांचं "माझा" म्हणायचं तर केवढं धैर्य लागतं! उसवलेल्या कप्प्यासाठी म्हणणं वेगळं.

असे दिवस जात राहिले. आईच्या मशीनवरची चादर तशीच. कातरकाकांचे विनोदही आटले. एकदा ते बाबांच्या पिवळ्या टाक्यावर काहीच बोलले नाहीत, तेव्हा बाबाच म्हणाले, "काका, बोला हो काहीतरी. चुकल्यासारखं होतंय."

मग एका दुपारी आई सगळ्यांसाठी चहा घेऊन खाली आली होती, टाचणी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती, तेवढ्यात पत्रं वाटणाऱ्या बाई कारखान्यात शिरल्या. त्यांची खांद्याची पिशवी याच टेबलावर शिवलेली होती. त्यांनी ती उचलून कानाशी हलवली. आतून खळ्ळ खळ्ळ आवाज आला.

"माझ्या घराच्या किल्ल्या," त्या म्हणाल्या. "पिशवीत आहेत, पण सापडत नाहीत. मी दाराबाहेर, किल्ल्या अस्तराच्या आत. काल शेजाऱ्यांच्या बाजूच्या खिडकीतून घरात शिरले. या वयात!"

"द्या इकडे," आजी म्हणाली. चष्मा नाकावर आला. टाके उसवायची छोटी टोकदार सुरी घेऊन तिने हळूहळू अस्तर सोडवलं. आतला छोटा कप्पा एका बाजूने सुटला होता, आणि तिथून किल्ल्या खाली घसरल्या होत्या. आजीने कप्प्यामागचं कापड उलटवलं.

हिरवा.

सगळ्यांनी टाचणीकडे पाहिलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना थोडं बरंच वाटलं. पहिली उसवण! प्रत्येक कारागिराच्या आयुष्यात ती यायचीच. कातरकाकांनी तर तोंड उघडलंसुद्धा, "अरे वा, आज कारखान्यात गवत उगवलं..."

पण टाचणी झटकन उभी राहिली. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

"माझा," ती म्हणाली. आणि मग बांध फुटला. "माझाच! हेपण माझं आणि तेपण माझंच! आईच्या पिशवीतला पडदापण माझाच आहे! मीच शेवटची होते आत! मीच काहीतरी केलं, म्हणून बाळं गेली!"

पत्रं वाटणाऱ्या बाईंना काही कळलं नाही, पण त्या शहाण्या होत्या. किल्ल्या उचलून, "मी सवडीने येते," एवढं म्हणून त्या निघून गेल्या. बाबांच्या हातातून रीळ सुटून घरंगळत गेलं. आजी सुरी धरून तशीच बसली.

आधी हलली ती आई. ती टेबलाला वळसा घालून आली आणि सरळ जमिनीवर, चिंध्यांत, टाचणीसमोर बसली.

"हे तू मनात घेऊन फिरत होतीस? इतके दिवस?"

टाचणीने मान हलवली. ती हुंदके देत होती.

"म्हणून माझ्याजवळ येत नव्हतीस?"

"मी आले असते तर... आणखी उसवलं असतं."

आईने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज सरळ होता. "आणि मी वेडी समजत होते, तू माझ्यावर रुसलीस. इकडे ये. ये म्हणते ना. काही उसवत नाही."

टाचणी आली. आई तिला मांडीवर घेऊन तशीच थोडा वेळ डोलत राहिली. मग तिने हात लांब करून टेबलावरून चामड्याचे दोन तुकडे घेतले आणि त्यांच्या दोन बारीक नळ्या वळल्या.

"बघ. तू मासे बघायला बाहेर गेलीस ना, तेव्हा डॉक्टरबाईंनी पुढचं सांगितलं. तेच तुझं ऐकायचं राहिलं. प्रत्येक मुलीची गर्भपिशवी सुरुवातीला अशी असते. दोन नळ्या, शेजारी शेजारी." तिने नळ्या एकमेकींना चिकटवून धरल्या. "हळूहळू त्या जोडल्या जातात. जोडल्या की मध्ये काय उरतं?"

टाचणीने नाक पुसून पाहिलं. "भिंत. दोघींची मिळून."

"बरोबर. ती भिंत मग आपोआप विरघळून जाते, आणि एक मोकळी पिशवी होते. माझी भिंत विरघळायची राहून गेली. आता सांग, हे कधी झालं असेल?"

"कधी?"

"मी जन्मायच्या आधी. मी स्वतः पोटात होते तेव्हा. तू तर नव्हतीसच कुठे. तू खूप वर्षांनी आलीस. भिंत आधीच होती, आणि तू तिला न चिकटता बाजूच्या चांगल्या जागेवर बसलीस. बसलीस आणि हट्टाने वाढलीस. तू पडदा केला नाहीस गं. तू पडदा असूनही आलीस."

टाचणी त्या दोन नळ्यांकडे बघत राहिली. डोक्यातली शिवण टाका टाका करून सुटत होती. पण कारखान्यात वाढलेलं मूल ते. एक धागा सुटला की दुसरा शोधणारच.

"मग तू कोणाच्या पोटात होतीस?" तिने विचारलं.

आजी खाली बघत होती. तिच्या हातातली सुरी टेबलावर ठेवली गेली तेव्हा छोटासा आवाज झाला.

"माझ्या," आजी म्हणाली. "म्हणजे धागा लाल आहे." ती आपल्या जागेवरून उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत लाल निघाल्यावर ती जशी उभी राहायची तशीच, ताठ, आईकडे तोंड करून. "तू पोटात होतीस तेव्हा मी रात्रंदिवस मशीन चालवलं. पायाने चालवायचं, जड मशीन होतं ते. सगळे सांगत होते, थांब. मी ऐकलं नाही. माझा आहे तो. माझाच."

"आई, बसा तुम्ही," बाबा घाबरून म्हणाले.

"नाही बसत. रीत ती रीत."

तेव्हा कातरकाकांनी, ज्यांचं वाक्य मघापासून अर्धंच राहिलं होतं, खाली वाकून डाव्या पायातला बूट काढला. मग मोजा काढला. आणि पाय उचलून चक्क टेबलाच्या काठावर ठेवला.

"काका, हे काय!" आई म्हणाली.

"बघा. ही दोन बोटं. जन्मापासून एकमेकांना चिकटलेली." आणि खरंच, त्यांची दोन बोटं नखांपर्यंत जोडलेली होती. "आता सांगा मालकीणबाई, माझ्या आईने काय डिंक लावला होता? ती बिचारी तर मशीनसुद्धा चालवत नव्हती."

टाचणी हुंदक्यांतच फिस्सकन हसली. आजी हसली नाही. पण ती बसली.

"पाय खाली घ्या," ती म्हणाली. "त्या टेबलावर पिशव्या शिवतात."

पुढच्या वेळी डॉक्टरबाईंकडे सगळी वरात गेली. खुर्च्या पुरेनात. या खेपेला टाचणीला मासे बघायला पाठवायचं नाही, असं आईने आधीच सांगून टाकलं. आणि डॉक्टरबाई काही बोलायच्या आत टाचणीने विचारलं, "आमच्याकडे शेवटचा धागा बघतात. आईच्या पडद्यावर कोणाचा आहे? खरं सांगा."

डॉक्टरबाईंना रीत समजावून सांगावी लागली. त्यांनी ती मध्येच हसून सोडून न देता शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "तुमच्या कारखान्यात प्रत्येक टाक्यामागे एक हात असतो, म्हणून रंग शोधता येतो. शरीर घडतं तेव्हा कुणाचा हात नसतो. ते आपलं आपण घडतं, आणि घडता घडता कधीकधी काही राहून जातं. का, ते आम्हालाही नेमकं ठाऊक नाही. पण तू केलेलं नाहीस, तुझ्या आईने केलेलं नाही." त्यांनी आजीकडे मान वळवली. "आणि मशीन चालवल्याने असा पडदा होत नाही, आजी. कुठल्याच मशीनने नाही. हिच्या गठ्ठा उचलण्यानेही बाळ गेलेलं नाही."

आजीने पदराचं टोक नाही, रुमाल नाही, हाताच्या पंजानेच डोळे पुसले. "लाल नाही म्हणता?"

"कोणताच रंग नाही."

"आणि माझी बोटं?" कातरकाका दारातून म्हणाले. त्यांना बसायला जागाच मिळाली नव्हती.

"तीही तशीच गोष्ट," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बोटांच्या मधलं कातडंही आधी जोडलेलं असतं, मग विरतं. तुमचं थोडं राहिलं."

"बघा," काकांनी सगळ्यांकडे पाहिलं.

मग डॉक्टरबाई आईकडे वळल्या. आता पुढचं. त्यांनी सावकाश सांगितलं, आणि तेही टाचणीला समजेल असं. नव्या तपासणीत दिसत होतं की पिशवी बाहेरून अखंड आहे, फक्त आत पडदा आहे, म्हणून तो काढता येण्यासारखा आहे. बाहेरूनच दोन भागांत असती तर कात्री लावलीच नसती. काढायचा तर पोटावर चिरा लागत नाही. भूल देऊन खालच्या वाटेने एक बारीक दुर्बीण आत नेतात आणि पडदा कापतात. बहुतेक बायका लवकर घरी जातात. पण धोका अगदी नाही असंही नाही. रक्त जाऊ शकतं, पिशवीला इजा होऊ शकते, जखम भरताना आत चिकटूही शकतं. दुसरा मार्ग म्हणजे काही न कापता, पुन्हा दिवस राहिले तर बारीक लक्ष ठेवायचं. टाचणी तशीच आली होती. आणि तिसरा मार्ग म्हणजे इथेच थांबायचं.

"तुम्ही काय कराल?" बाबांनी विचारलं.

"मी खात्री देऊ शकत नाही. काही जणींना पडदा काढल्याचा फायदा झालेला दिसतो, तर काही अभ्यासांत फारसा फरक दिसला नाही. जे ठाऊक आहे ते आणि जे नाही ते, दोन्ही मी तुमच्यापुढे ठेवलं. घाई नाही. आणि तिन्हीपैकी एकही मार्ग चुकीचा नाही."

आईने सगळ्यांकडे पाहिलं. बाबांकडे जास्त वेळ. बाबा म्हणाले, "तुझं शरीर. तू म्हणशील ते. मला तू हवीस, बाकी सगळं नंतर."

घरी आल्यावर आईने मशीनवरची चादर काढून घडी केली. पत्रं वाटणाऱ्या बाईंची पिशवी अजून उघडीच पडली होती. तिच्या समोर बसून आई म्हणाली, "मी पडदा काढून घेणार. पुढे बाळ येवो न येवो, ते मी आज ठरवत नाही. आधी मला बरं होऊ दे. पण मला आत एक मोकळी खोली हवी आहे. माझ्यासाठीच."

"मग तसंच," आजी म्हणाली. कातरकाकांनी कात्री घेतली आणि उगाचच एक सरळ पट्टी कापली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आई दवाखान्याची तयारी करत होती. कपडे, टॉवेल, चप्पल. भरायला तिने आपली स्वतःची जुनी पिशवी काढली, जी तिने लग्नाआधी शिवली होती. तिचं अस्तर एका कोपऱ्यात सुटलं होतं. आत निळा टाका दिसत होता.

"अरेच्चा, माझीच उसवण," आई म्हणाली. "राहू दे. आता वेळ नाही."

ती वर कपडे आणायला गेली. आईचं पाऊल जिन्यावर वाजलं, तेव्हा टाचणी चिंध्यांच्या पोत्यापाशी गेली. तिने पोतं आडवं केलं, उलटं केलं, आणि ढकलून सगळ्या चिंध्या जमिनीवर ओतल्या. कातरकाकांनी विचारलं, "काय शोधतेस गं, चष्मा?" तर "तो तुमच्या डोक्यावर आहे" म्हणून ती चिंध्यांत शिरली. तळाशी, धुळीत माखलेलं, तिचं हिरवं रीळ सापडलं. तिने ते झग्याला पुसलं, तोंडाने धागा ओला केला आणि सुईत ओवला. पहिल्यांदा हुकला, दुसऱ्यांदा गेला.

मग ती आपल्या बुटक्या स्टुलावर बसली, आईची पिशवी मांडीवर घेतली, आणि सुटलेलं अस्तर दाबून धरून, निळ्या टाक्याच्या अगदी शेजारी, आपला हिरवा टाका घालू लागली.